स्वस्त डिझेलसाठी रिझर्व्हवर चोर्ला घाट उतरावा का?

वाचकाचं पत्र:

«आमचा वडगावात साड्यांचा छोटा व्यवसाय आहे. पंधरा दिवसांतून एकदा माल पोचवायला म्हापशाला जातो, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने. गोव्यात डिझेल लिटरमागे दोन-तीन रुपयांनी स्वस्त मिळतं, म्हणून बेळगावात टाकी भरत नाही. रिझर्व्हचा दिवा लागला तरी साखळीपर्यंत ओढतो आणि तिथे फुल्ल करतो. गाडी २०२१ ची, बीएस ६ डिझेल, सेकंड हँड घेतलेली. टाकी ४५ लिटरची. गेल्या खेपेला घाट उतरताना, मीटर अजून ६० किलोमीटर दाखवत असताना, एका वळणावर रेस दिली तर गाडीने दोन-तीन झटके दिले, पिकअप गेला आणि इंजिनचा पिवळा दिवा लागला. बंद पडली नाही. साखळीत डिझेल भरलं, गाडी नीट चालली, काही दिवसांत दिवाही विझला. खानापूरकडच्या मामांची जुनी जीप आणि ट्रॅक्टर आहे. ते म्हणतात, एअर धरली असेल, नट सैल करून एअर काढायची, त्यात काय एवढं! उद्यमबागेजवळचा आमचा मेकॅनिक म्हणतो, असं करत राहिलात तर पंप जाईल. कोणाचं खरं? आणि पुढे कधी गाडी घाटात बंदच पडली तर काय करायचं?»

नमस्कार.

खरं मेकॅनिकचं आहे. मामा सांगतात ते त्यांच्या जीपला आणि ट्रॅक्टरला लागू आहे. तुमच्या गाडीला ते लावू नका. नट सैल करण्याचा सल्ला तर मुळीच पाळू नका. त्यात गाडीच्या आधी तुमच्या हाताला धोका आहे. कसा, ते पुढे सांगतो.

आधी पैशांचा हिशेब करू, कारण सगळं तिथूनच सुरू झालंय. डिझेल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपापला कर लावतं, म्हणून सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे दर वेगळे. १ एप्रिल २०२५ पासून कर्नाटकाने डिझेलवरचा विक्रीकर २१.१७ टक्के केला आणि लिटरमागे साधारण दोन रुपये वाढले. आपल्या भागातली माणसं सीमेपलीकडचे, कागलच्या, शिनोळीच्या, साखळीच्या बाजूचे दर तोंडपाठ ठेवतात यात काही चूक नाही. व्यवसायात दोन रुपयेही पैसेच असतात. पण हिशेब पुरता करा. तुम्ही टाकीत तीन लिटर उरेपर्यंत ओढलंत तर गोव्यात ४२ लिटर भरता. टाकीत पाव, म्हणजे साधारण बारा लिटर शिल्लक ठेवून पोचलात तर ३३ लिटर भरता. फरक नऊ लिटरचा. लिटरमागे तीन रुपये धरले तरी सत्तावीस रुपये. एका खेपेला एवढेच. स्वस्त डिझेलचा बाकी सगळा फायदा पाव टाकी राखूनही तुम्हाला मिळतोच. या सत्तावीस रुपयांसाठी तुम्ही जो पंप पणाला लावताय, तो गेला आणि त्याचा चुरा पुढे पसरला, तर दुरुस्ती लाखाच्या घरात जाते.

आता त्या पंपाविषयी जरा सविस्तर लिहितो. एकदा हे समजलं की काय करायचं आणि काय नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

तुमच्या गाडीत कॉमन रेल इंजिन आहे. ही रचना प्रवासी मोटारींत १९९७ च्या सुमारास आली आणि आज आपल्याकडच्या सगळ्या नव्या डिझेल मोटारींत तीच असते. टाकीतलं डिझेल फिल्टरमधून उच्च दाबाच्या पंपाकडे जातं, पंप ते एका जाड पोलादी नळीत दाबून भरतो, ती नळी म्हणजे रेल, आणि तिथून चारही इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल मिळतं. हा दाब १,६०० बारपासून २,००० बारपर्यंत जातो (बार हे दाब मोजायचं एकक). उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम करणारी माणसं तुमच्या ओळखीची असतीलच. त्यांचे प्रेस आणि पॉवर पॅक बहुतेक २०० ते ३०० बारवर चालतात. म्हणजे तुमच्या बॉनेटखाली, नारळाएवढ्या पंपात, त्याच्या निदान पाच-सहा पट दाब तयार होतो. तो धरून ठेवायचा तर पंपाचा प्लंजर, म्हणजे आत सरकणारा दांडा, आणि त्याचं बॅरल, म्हणजे तो ज्यात सरकतो ते नळकांडं, यांच्यात दोन-चार मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) जास्त फट चालत नाही.

एवढ्या कमी फटीत, एवढ्या दाबाखाली धातूवर धातू फिरतो, तर त्याला वंगण कशाचं? इंजिन ऑइल तिथे जात नाही. मोटारींच्या या पंपांना वंगण डिझेलचंच. आतला कॅम, रोलर, प्लंजर, सगळं डिझेलमध्ये बुडालेलं असतं, आणि पंप थंड राहतो तोही डिझेलमुळेच. पेट्रोल गाडीत पेट्रोल संपलं की इंजिन बंद पडतं, कॅनने पेट्रोल घातलं की बहुधा चालू होतं. तुमच्या गाडीत डिझेल संपणं म्हणजे पंपाचं तेलही संपणं. डिझेलऐवजी हवा आली की ती फट कोरडी पडते, धातू धातूला घासतो आणि बारीक चकाकता चुरा सुटतो. तो चुरा पंपात थांबत नाही. रेलमध्ये जातो, इंजेक्टरच्या अतिशय बारीक भोकांत जातो, आणि इंजेक्टरमधून परत येणाऱ्या डिझेलबरोबर टाकीतही पोचतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही. इंजेक्टर, रेल, नळ्या बदलायच्या, टाकी उतरवून धुवायची. खर्च वाढतो तो इथे.

आजच्या डिझेलबद्दलही एक गोष्ट सांगतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ डिझेल मिळतं. त्यात गंधकाचं प्रमाण १० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दहा) उतरलंय. त्याआधीच्या बीएस ४ मध्ये ते ५० होतं. हवेसाठी हे फार चांगलं झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही कमी होतो, म्हणून रिफायनरीत वंगणासाठी वेगळं द्रव्य मिसळून तो ठरलेल्या मर्यादेत आणावा लागतो. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या चांगल्या डिझेलमध्ये ते असतंच, काळजी नको. पण म्हणूनच डिझेलमध्ये थोडं रॉकेल किंवा पेट्रोल घालण्याचा जुना सल्ला कुणी दिला तर तो साफ नाकारा. दोन्ही डिझेलपेक्षा पातळ आणि वंगणाला कमी. आणि रस्त्याकडेला ड्रममधून विकलं जाणारं स्वस्त 'डिझेल' कितीही अडचण असली तरी या गाडीत घालू नका.

मामांच्या जीपचं आणि ट्रॅक्टरचं वेगळं का, तेही सांगतो. त्यांच्यापुढे तुम्हाला नुसतं 'मेकॅनिक म्हणतो' एवढंच म्हणावं लागू नये. आपल्याकडे सगळे ज्याला मायको पंप म्हणतात, तो जुना लाइन पंप. त्याच्या कॅमशाफ्टला वंगण ऑइलचं मिळतं. डिझेल संपलं तरी पंपाचा तो भाग कोरडा पडत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा, मग नोझलचा नट सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल सलग आलं की नट आवळायचा. रानात, उसाच्या फडात, पावसात आपल्या माणसांनी हे वर्षानुवर्षं केलंय आणि इंजिनं चाललीत. त्या इंजिनासाठी ती रीत अगदी बरोबर आहे. तिथे नोझल साधारण १५० ते २५० बारला उघडतं.

तुमच्या गाडीत तोच नट सैल करून सेल्फ मारला तर शेकडो बारच्या दाबाने डिझेलची सुईसारखी धार सुटू शकते. ती धार कातडीतून आत शिरते. बाहेरून नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत मांसात डिझेल पसरत जातं. उशीर झाला तर बोट, कधी हात गमवावा लागतो. असं कुणाचंही झालं तर मलम लावून घरी थांबू नका, त्याच तासात सर्जनकडे न्या आणि 'दाबाखालचं डिझेल आत गेलंय' हे स्पष्ट शब्दांत सांगा. मामांना एवढं नक्की सांगा; त्यांच्या ओळखीत कुणी नवी पिकअप घेतली असेल तर त्यालाही कळेल.

आता घाटाकडे येऊ. माझ्या मते तुमच्या सवयीतला सगळ्यात वाईट भाग हा आहे की तुमची टाकी सगळ्यात रिकामी असते ती नेमकी कणकुंबी ते केरी या टापूत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर, साखळी जवळपास समुद्राच्या पातळीवर. ही सगळी उंची तुम्ही एका वळणावळणाच्या उतारात उतरता. टाकी रुंद आणि चपटी असते. गाडीचं तोंड खाली झालं की उरलेलं तीन-चार लिटर डिझेल पुढे धावतं, वळणावर एका कडेला जातं. टाकीत जिथून डिझेल उचललं जातं तिथे एक छोटं भांडं असतं, हालचालीतही थोडं डिझेल तिथे धरून ठेवण्यासाठी. पण मूळ डिझेलच कमी असेल तर ते भांडंही उघडं पडतं आणि पंप एक घोट हवेचा घेतो. वळणावर रेस दिल्यावर तुम्हाला जे झटके बसले ते याचेच असावेत. रेलमधला दाब पडला, इंजिनच्या कॉम्प्युटरने ते पाहिलं, ताकद कमी केली आणि दिवा लावला. काही कंपन्या तर टाकी पूर्ण कोरडी होण्याआधी इंजिन मुद्दाम अडखळवतात आणि मग बंद करतात, पंप वाचावा म्हणून. अशा वेळी रेस वाढवून गाडी ओढत नेणं म्हणजे त्या इशाऱ्याच्या विरुद्ध जाणं.

मीटर ६० किलोमीटर दाखवत होतं आणि तरी असं कसं झालं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तो आकडा टाकी मोजून आलेला नसतो. मागच्या काही किलोमीटरचं ॲव्हरेज आणि काट्याचा अंदाज यांचा तो गुणाकार. उतारावर गिअरमध्ये पाय काढून गाडी सोडली की इंजिनला डिझेल जवळजवळ जातच नाही, ॲव्हरेज वाढलेलं दिसतं, आणि आकडा कमी होण्याऐवजी चढतो. त्यात उतारावर टाकीतला तरंगता गोळाही चुकीची उंची सांगतो. म्हणजे चोर्ला उतरताना तो आकडा सगळ्यात उदार असतो आणि तिथेच त्याच्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवायचा. परतीला, केरीपासून वर चढताना, हाच आकडा भराभर खाली येतो. एक खेप दोन्ही बाजूंनी नीट पाहिलीत तर तुमच्या लक्षात येईल.

उतारावर डिझेल जळत नाही म्हणून पंपाला आराम मिळतो, असंही समजू नका. पंप इंजिनला जोडलेला आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन अडीच हजारांवर फिरतंय, तर पंपही त्याच प्रमाणात फिरतोय आणि त्याला तेवढंच वंगण हवंय.

न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवण्याचा विचार मात्र कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. चोर्ला काय, आंबोली काय, अनमोड काय, घाटात न्यूट्रल म्हणजे सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की धरत नाहीत.

कमी टाकीचे आणखी दोन-तीन परिणाम आहेत. पंप आणि इंजेक्टरमधून जास्तीचं डिझेल तापून टाकीत परत येतं. टाकी भरलेली असेल तर ती उष्णता पसरते. तीन लिटर असेल तर तेच तेच डिझेल फिरून गरम आणि पातळ होत जातं. पावसाळ्यात रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी होतं, ते डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं. कणकुंबीसारख्या धो-धो पावसाच्या पट्ट्यातून नेहमी जाणाऱ्याने फिल्टरमधलं पाणी ठरलेल्या वेळी काढून घ्यावं. रिझर्व्हवर चालवलं की तळाचा गाळ वर येतो असं सगळे म्हणतात, त्यात अर्धंच तथ्य आहे: पंप डिझेल नेहमी तळातूनच घेतो, भरलेल्या टाकीतही. फक्त डिझेल कमी असलं की ते जास्त हिंदकळतं आणि बसलेलं पाणी-कचरा ढवळला जातो. शिवाय बीएस ६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो जाळून साफ करण्याचं काम गाडी स्वतःच अधूनमधून करते, पण टाकी फार खाली असेल तर अनेक गाड्या ते काम सुरूच करत नाहीत. सतत रिझर्व्हवर ठेवलेल्या गाडीत तो फिल्टर लवकर तुंबतो.

तुमच्या गाडीचं रिझर्व्ह नक्की किती, ते एकदा मोजा. दिवा लागला की सपाटीवरच्या पेट्रोल पंपावर जा, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा आणि किती लिटर बसलं ते पाहा. ४५ च्या टाकीत ३८ बसलं तर दिवा सातला लागतो. त्यातले शेवटचे एक-दोन लिटर मिळतील असं धरायचंच नाही, घाटात तर त्याहून जास्त सोडायचं. मग जाण्यायेण्याचं साधं गणित: वडगाव-म्हापसा जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास. निघताना पाव टाकीवर काटा असेल आणि गाडी सुस्थितीत असेल तर साखळी गाठाल, पण घाटाच्या तोंडाशी पोचाल तेव्हा पुन्हा रिझर्व्हच्या जवळ. म्हणून बेळगावातून निघताना निम्मी टाकी असू द्या. साखळीला पोचाल तेव्हा पाव उरलेलीच असेल, आणि स्वस्त डिझेल तिथे मनसोक्त भरा. जांबोटी सोडल्यावर पेट्रोल पंप मिळेल हे गृहीत धरू नका. पाऊस, धुकं, कधी दरड, कधी बंद पडलेला ट्रक. या रस्त्यावर तासभर इंजिन चालू ठेवून थांबावं लागणं नवं नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बंदच पडली तर.

उतारावर असाल तर सगळ्यात आधी माणसांचा विचार. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पाय देईपर्यंतच उरते, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होऊ शकतं. म्हणून ब्रेक फडफड मारू नका. एकदाच दाबा, दाबून धरा. गिअर काढू नका आणि क्लच शेवटपर्यंत दाबू नका. गाडी गिअरमध्ये असेल तोवर चाकं इंजिनला फिरवत राहतात आणि ब्रेकला मदत मिळत राहते. यात पंप कोरडा फिरतो हे खरं, पण त्या क्षणी पंपाची काळजी करू नका. चावी बंद करून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. हॅझर्ड लावा, डोंगराच्या बाजूला घ्या, वळणावर थांबू नका. थांबल्यावर हँडब्रेक, उतारावर तोंड असेल तर रिव्हर्स गिअर आणि पुढच्या चाकाला दगड. त्रिकोण बराच मागे, वळणाच्या अलीकडे ठेवा, आणि माणसांना गाडीत बसवून ठेवू नका. कठड्यापासून दूर, डोंगराकडे उभं करा. पोलिसांची मदत हवी तर ११२. पुणे-बंगळूर हायवेवर, निपाणी-संकेश्वरकडे असं झालं तर राष्ट्रीय महामार्गाची १०३३ ही हेल्पलाइन. घाटात मोबाइलला रेंज नसते अशा जागा बऱ्याच आहेत, तेव्हा वरून येणाऱ्या एखाद्या गाडीवाल्याजवळ निरोप द्यावा लागेल. त्या रस्त्यावरची माणसं थांबतात.

डिझेल आलं की दोन लिटर घालून सेल्फ मारत बसू नका. उतारावर उभ्या गाडीत ते पंपापर्यंत पोचणारही नाही. किमान दहा लिटर घाला. मग इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करा. टाकीत विजेचा पंप असेल तर बारीक घूं आवाज येईल. अर्धा मिनिट थांबा, बंद करा, पुन्हा ऑन करा. असं चार-पाच वेळा. बटणवाली गाडी असेल तर क्लचवर पाय न देता बटण दाबलं की हेच होतं. काही गाड्यांत फिल्टरजवळ रबरी फुगा किंवा हातपंप असतो. तो कडक होईपर्यंत दाबायचा. गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, आज घरी बसून ते पान काढून ठेवा. नंतरच सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंद, मध्ये एक मिनिट थांबून. तीन-चार वेळात चालू झाली नाही तर थांबा. प्रत्येक सेल्फला पंप कोरडा फिरतोय. धक्का मारून चालू करायला लावू नका, उतारावर गिअरमध्ये सोडून तर नकोच. टो करून आणा. टोचे पैसे लागतील, पण पंपाच्या मानाने थोडे.

चालू झाली तर काही मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू द्या, रेस देऊ नका. सुरुवातीला अडखळेल, हवा निघून गेली की सरळ होईल.

कॅन घेऊन फिरावं का, असं अनेकजण विचारतात. माल गाडीत असताना, त्यातही साड्या असताना, बंद गाडीत डिझेलचा कॅन ठेवणं मला पटत नाही. गळलं तर वास जात नाही आणि मालही जातो. निम्मी टाकी ठेवली की कॅनची गरज उरत नाही.

राहता राहिला तुमच्या गाडीचा प्रश्न. दोन-तीन झटक्यांनी पंप गेला असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा एका खेपेने काही होत नाही, आणि म्हणूनच ही सवय टिकते. झीज मात्र साठत जाते, आणि सेकंड हँड गाडीच्या आधीच्या मालकाने किती वेळा असं केलं असेल ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून या आठवड्यात मेकॅनिककडून तीन कामं करून घ्या. दिवा विझला तरी बिघाडाचा कोड कॉम्प्युटरच्या आठवणीत काही काळ राहतो, तेव्हा स्कॅनर लावून बघायला सांगा. रेलचा दाब कमी झाल्याचा पी००८७ हा कोड दिसला तर वर सांगितलेलं कारण पक्कं झालं. दुसरं, डिझेल फिल्टर बदला आणि जुना फिल्टर रिकामा करून त्यातलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता. खाली पाणी बसलंय का, आणि उन्हात धरल्यावर धातूच्या चुऱ्याची चमकी दिसते का, ते तुम्ही स्वतः उभे राहून पाहा. तिसरं, इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत येतं ते मोजणं.

पाणी निघालं तर टाकीतलं पाणी काढून घ्या, मग चालवायला हरकत नाही. काहीच नाही निघालं तर नवीन फिल्टर टाकून पुढच्या खेपेला निम्म्या टाकीने निघा. पण चमकी दिसली तर त्या दिवसापासून गाडी चालवू नका, अगदी वडगाव ते शहापूरसुद्धा नाही. मेकॅनिकला पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जावं ते ठरवणारी झडप) काढून आत चुरा आहे का ते बघू द्या. चुरा इंजेक्टरपर्यंत पोचायच्या आत पकडला तर खर्च बराच कमी होतो. तोवरचा म्हापशाचा माल एक-दोन खेपा भाड्याच्या गाडीने पाठवा.